मानाची बारी

१

सुदर्शनच्या मनगटाला त्या घड्याळाची सवय व्हायला पंधरा दिवस लागले, आणि ते बिघडलेलं नाही हे कळायला आणखी चार.

घड्याळ मेहुण्यानं, सुभाषनं, मस्कतहून आणलं होतं. स्वित्झर्लंडचं. आत सेल नाही, हात हलला की आपोआप चावी भरते. तोंडावर तीन लहान तबकड्या, कडेला दोन बटणं, आणि वजन असं की पहिले दोन दिवस त्याचा डावा खांदा दुखला. नारायणगावात ठिबक सिंचनाच्या नळ्या विकणाऱ्या माणसाला एवढं भारी घड्याळ कशाला, असं त्याला मनापासून वाटलं. पण बायकोच्या भावानं दिलेली वस्तू न घालायला घरात वाघाचं काळीज लागतं. त्यानं घातलं.

हाताला सवय झाली, आणि पाहतो तर मोठा सेकंदकाटा बाराच्या आकड्यावर ढिम्म उभा! वेळ मात्र बरोबर दाखवत होतं. चार दिवस वाट पाहून तो एसटी स्टँडजवळच्या ऋतिककडे गेला. ऋतिक घड्याळं दुरुस्त करायचा, आणि गिऱ्हाइकाला हसण्याचे पैसे घ्यायचा नाही.

"भाऊ, काटा बंद न्हाई, रिकामा हाय," तो म्हणाला. "सेकंद दाखवतो तो ह्या लहान तबकडीतला. मोठा नुसता मोजायला. वरचं बटण दाबलं की सुटतो, परत दाबलं की थांबतो. खालचं दाबलं की बारावर येतो. तुमी दाबल्याबिगर तो जागचा हलायचा न्हाई."

सुदर्शनला हे लई आवडलं. मग काय, तो सगळंच मोजायला लागला. चहा उतू जायला किती वेळ, शटर वर जायला किती, बायको साधना तिच्या आईशी फोनवर किती बोलते. "आता माझा श्वास मोजा," साधना म्हणाली. नववीतली लेक आरोही हसली. तेव्हा घरात सगळेच हसत होते.

२

चैत्रात साधनाच्या माहेरची जत्रा. शिनोलीच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला ते गाव, आणि जत्रा म्हटली की बैलगाडे. गावाच्या वर चढावर घाट. घाट म्हणजे गाडे पळतात ती चढाची धावपट्टी. खाली गाडा जुंपतात, निशाण पडलं की बैल सुटतात, पुढं घोडी, मागं गाडा, आणि वर चुन्याच्या रेघेवरनं बैलांचे पाय गेले की घड्याळ थांबतं. एका गाड्याची अशी एक धाव म्हणजे एक बारी. अकरा, बारा, फार तर तेरा सेकंदांचा खेळ. त्यासाठी माणसं वर्षभर बैलांना पोरांपेक्षा जास्त जपतात.

वर रेघेपाशी तीन घड्याळवाले बसायचे. तिसऱ्याला ताप आला. जत्रेचा कारभारी आणि भोंग्यावर पुकारणारा गेणभाऊ सुदर्शनच्या मनगटाकडे बघत म्हणाला, "जावईबापू, तुमचं घड्याळ लई भारी दिसतंय. बसा की मांडवात. तेवढाच जावयाचा मान."

सुदर्शन फुगून बसला. पहिल्या दोन बाऱ्या चुकल्या, मग अंगठा सरावला. निशाण पडलं, दाब. बैल रेघेवर, दाब. सतराव्या बारीपर्यंत त्याचा आकडा बाकीच्या दोघांशी जुळायला लागला होता आणि त्याला वाटायला लागलं होतं की हे काम आपण जन्मभर केलं असतं.

"टोकन नंबर अठरा," गेणभाऊचा आवाज एकदम खाली आला. "गाडामालक कुंडलिक. मानाची बारी."

गलका थांबला. भोंग्याची घरघर तेवढी राहिली. खाली निशाण पडलं.

सुदर्शननं बटण दाबलं.

मग त्याला दिसलं की घाट रिकामा आहे. बैल नाहीत, गाडा नाही, काही नाही. दोन्ही कडांना हजारो माणसं हात जोडून उभी. शेजारच्या दोन्ही घड्याळवाल्यांनी हात पाठीमागे धरलेले. त्यातला एक सुदर्शनच्या अंगठ्याकडे बघत होता, आणि त्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

"दाबलं?" त्यानं हळूच विचारलं.

सुदर्शनला इतकी शरम वाटली की त्यानं हात खिशात घातला. कुंडलिक जत्रेच्या वीस दिवस आधी गेला होता, हे त्याला नंतर कळलं. काढलेलं टोकन दुसऱ्या कुणाला देत नाहीत. नाव पुकारतात, रिकाम्या घाटावर निशाण टाकतात, माणसं हात जोडतात. घड्याळ मात्र कुणी दाबत नाही. का, ते कुणी सांगितलं नाही. जावयाला अशा गोष्टी कोण सांगतो!

३

उन्हं कलल्यावर मांडवाच्या मागं एक बाई येऊन उभी राहिली. वाळलेली, ताठ, डोक्यावर पदर. कुंडलिकची बायको साळुबाई.

"पावणं," ती म्हणाली, "आमच्या बारीला तुमी घड्याळ दाबलं म्हनत्यात."

"चुकून हो मावशी. मला माहीत नव्हतं. माफ करा."

"माफी कशापायी?" साळुबाईनं मान पुढं केली. "किती सेकंद लागलं, ते सांगा."

सुदर्शननं खिशातून हात काढला. मोठा काटा शांतपणे फिरत होता. गडबडीत तो थांबवायचा राहूनच गेला होता. त्यानंतरच्या बाऱ्या त्यानं शरमेनं मोजल्याच नव्हत्या, नुसती मान डोलावून बाकीच्या दोघांना हो ला हो केलं होतं.

"थांबवलंच नाही," तो म्हणाला.

साळुबाई बराच वेळ त्या काट्याकडे बघत राहिली. रागावेल असं त्याला वाटलं होतं, पण तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर खरोखरचा आनंद दिसला.

"म्हंजी पळतोयच व्हय अजून," ती म्हणाली आणि निघून गेली.

४

त्यानं काटा थांबवायला हवा होता. घरी येताना गाडीत दोनदा त्याचा अंगठा बटणावर गेला. पण म्हातारीचं ते वाक्य कानात होतं, आणि थांबवणं म्हणजे काहीतरी मोडणं असं वाटलं. शिवाय फिरता काटा दिसायलाही बरा. राहू दे, म्हणाला.

नारायणगावातलं त्यांचं घर लांबट होतं. फाटकापासून सरळ बोळ, बोळ संपला की पुढची खोली, तिच्यामागं स्वयंपाकघर, आणि शेवटी आरोहीची खोली. मधली दारं उघडी असली की फाटकातून थेट आरोहीच्या खोलीतलं लोखंडी कपाट दिसायचं. रात्री घड्याळ त्याच कपाटात असायचं.

तिसऱ्या दिवशी दुकानातून जेवायला आला तेव्हा बोळातल्या चपला बघून तो थबकला. या घरात चपला ढिगानंच पडायच्या, साधना रोज ओरडायची. आज त्या दोन्ही भिंतींना लागून होत्या. ओळीत नव्हत्या, मांडून ठेवल्यासारख्याही नव्हत्या. कुणीतरी घाईनं बाजूला झाल्यावर पावलं असतात तशा होत्या. मधली फरशी मोकळी.

"आज शहाणपण सुचलं वाटतं," तो आरोहीला म्हणाला.

"मी नाही केलं, पप्पा."

चौथ्या दिवशी फाटकाची कडी उघडी होती आणि कडीवर पिवळं काहीतरी लागलं होतं. त्यानं बोटानं पुसून वास घेतला. भंडारा. जत्रेत उधळला होता, कपड्यांना लागून आला असेल, दुसरं काय! त्यानं स्वतःला हे इतक्या ठामपणे सांगितलं, की स्वतःलाच संशय आला.

त्या रात्री जेवणाआधी त्यानं वरचं बटण दाबून काटा थांबवला, खालचं दाबून बारावर आणला, आणि घड्याळ कपाटात टाकलं. आता घालायचंच नाही. विषय संपला.

५

सेल नसलेलं घड्याळ हातात नसलं की दोन दिवसांत मरतं, हे ऋतिकनंच सांगितलं होतं. कपाटात टाकल्यापासून चौथ्या दिवशी सुदर्शननं ते उघडलं तेव्हा घड्याळ मेलेलंच होतं. दहा वाजून सात मिनिटांवर. त्याला बरं वाटलं. रविवार होता, साधना स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्या पुसत होती, आरोही बोळात बसून नखांना रंग लावत होती. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचारला पाच मिनिटं कमी होती.

त्याच्या हातात असतानाच मोठा काटा सुटला.

बाकी सगळं बंद. तास बंद, मिनिट बंद, लहान तबकडीतला सेकंद बंद. मेलेल्या घड्याळात तो एकटाच काटा फिरत होता. आवाज नाही. सुदर्शननं कानाला लावलं तर आत काहीच नव्हतं.

आवाज बाहेरून येत होता. फाटकाची कडी खट्कन उडाली. मग फरशीवर टापा. लांब, मग कमी लांब.

त्यानं मान वळवली. सरळ रेषेत तिन्ही दारं उघडी होती आणि बोळ दिसत होता. आरोही नखांवर फुंकर घालत उठली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली, पाय आत ओढून घेतले, आणि तिथंच उभी राहून पुन्हा नखं बघायला लागली. गर्दीतून वाट देतात तशी.

त्याच्या अंगठ्यानं आपोआप बटण दाबलं. आठ सेकंद. टापा थांबल्या. फाटक उघडं होतं आणि ऊन आत आलं होतं.

"आरू, तू आत्ता उठून उभी का राहिलीस?"

"कुठं काय?" ती म्हणाली. मग विचार करून म्हणाली, "असंच. रोज राहते की."

रोज. चार दिवस हे घड्याळ कपाटात होतं आणि तो दुकानात होता.

संध्याकाळी त्यानं गेणभाऊला फोन लावला आणि हसत हसत, गंमत म्हणून विचारल्यासारखं विचारलं, की समजा, बारी चालू असताना घड्याळ मधेच दाबलं तर?

"मग बारी बाद," गेणभाऊ म्हणाला. "परत खाली न्यायचा गाडा न् परत सोडायचा. रेघेवर पाय पडल्याबिगर बारी सुटत न्हाई, जावईबापू." मग त्यानं विचारलं, "का हो?"

सुदर्शननं फोन ठेवला.

६

सोमवारी तो तीन वाजताच घरी आला. तीन चाळीसला, जत्रेत मानाची बारी पुकारली त्याच वेळेला, काटा सुटला. त्यानं आरोहीला स्वयंपाकघरात ओढून घेतलं आणि बटण दाबत राहिला; ते नवव्या सेकंदाला आत गेलं. टापा पुढच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. मंगळवारी तसंच. दहा सेकंद, स्वयंपाकघराचं दार. रोज एक खोली आत.

घड्याळ नदीत टाकावं असंही त्याच्या मनात आलं. पण पाण्याच्या तळाशी काटा सुटला की नाही, हे बघायला कोण जाणार? आणि तो गाडा कुणाच्या पोरीच्या बोळातून जाईल, हे कुणी सांगावं? साधनाला सांगायला दोनदा तोंड उघडलं. आपल्याच तोंडून ते कसं ऐकू येईल याची त्याला लाज वाटली, आणि लाजेपायी माणूस काय काय लपवतो!

बुधवारी आळेफाट्याला नळ्यांचा ट्रक उतरवायचा होता. रस्त्यात टोमॅटोच्या पिकअपांची रांग लागली. तीन चाळीस त्याच्या डोळ्यांसमोर मोबाइलवर झाले, आणि तो गाडीत बसून नुसता हॉर्न वाजवत राहिला.

घरी पोचला तेव्हा आरोही तिच्या खोलीत जमिनीवर बसली होती. उजव्या कोपरापासून खांद्यापर्यंत कातडं सोलवटलं होतं. त्यात पिवळं भरलं होतं. लोखंडी कपाटाचं दार उघडं होतं आणि घड्याळ तिच्या मुठीत होतं.

"मी बाजूला झाले होते, पप्पा. पण जागाच नव्हती," ती म्हणाली. रडत नव्हती, याचंच त्याला रडू आलं. "मग तुम्ही दाबता तसं दाबलं."

काटा अकरा सेकंदांच्या अलीकडे उभा होता. सुदर्शननं तिला कवटाळलं. उद्या ती थांबवणार नाही असं झालं तर, किंवा अर्धा सेकंद उशीर झाला तर, यापुढं त्याला विचारच करता येईना.

७

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्या झाल्या त्यानं गाडी काढली. आरोहीला घरात ठेवायची छाती झाली नाही. साधना कामावर होती. आजीकडे जाऊन येतो, म्हणून चिठ्ठी ठेवली.

साळुबाई घाटाच्या वरच्या अंगालाच राहायची. तिनं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही तिला नवल वाटलं नाही.

"मावशी, तुम्ही थांबवा," तो म्हणाला. "तुमचा माणूस आहे. तुमचा गाडा आहे. मी पाया पडतो तुमच्या."

"सोडला कुनी?" साळुबाई म्हणाली. "ज्यानं दाबलं त्यानंच थांबवायचा. रेघेवर हुबं ऱ्हावा. घाबरू नगा. लई गुणी बैल हायेत त्याचं."

गाडी त्यानं घाटाच्या मध्यावर, कडेच्या आंब्याखाली लावली होती. आरोहीला काच वर करून बसवलं आणि तीनतीनदा बजावलं, काही झालं तरी उतरायचं नाही. मग तो वर चढला. जत्रेचा चुना अजून पुसट दिसत होता. शेजारी साळुबाई उभी राहिली. खाली घाट रिकामा, दोन्ही बाजूंना लाकडी कठडे, मधे उन्हानं तापलेली लाल माती. कुठं पानही हलत नव्हतं.

काटा सुटला.

पहिल्यांदा खालच्या टोकाला होल्यांचा थवा उडाला. मग माती. ढग नाही, लोट नाही, नुसती घोट्याएवढ्या उंचीवर माती उठत होती आणि वर येत होती. टापा ऐकू आल्या, बोळात यायच्या तशाच. सात. आठ. त्याचे पाय मागं सरकायला बघत होते. आपल्या पोरीचा सोललेला हात आठवून त्यानं ते रोवून ठेवले. दहा. अंगावर गरम वारा आला, घामाचा आणि भंडाऱ्याचा वास आला, काहीतरी त्याच्या दंडाला घासून रेघेवरनं पलीकडे गेलं.

त्यानं बटण दाबलं.

अकरा सेकंदांना दोन रेघा कमी. काटा थांबला. टापा मागच्या माळावर लांब लांब जाऊन विरल्या. सुदर्शन मटकन गुडघ्यांवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. संपलं होतं.

"पावणं," साळुबाई म्हणाली. तिच्या आवाजात चुकचुकणं होतं, शाळेतल्या पोराचं गणित चुकल्यावर असतं तसं. "एकाच जनावराच्या टापा व्हत्या त्या. घोडी व्हती ती."

त्याला कळेना.

"घोडी पुढं असती. गाडा मागं हाय."

त्याच्या अंगठ्याखालचं बटण आपोआप आत गेलं. काटा थांबला होता तिथूनच पुन्हा चालायला लागला. खालून आता आवाज आला, आणि या आवाजाला जमीन हलत होती.

त्यानं खाली पाहिलं. घाटाच्या अगदी मधोमध, त्याचा मोबाइल हातात वर धरून, आरोही चढून येत होती.

"पप्पा, आईचा फोन!"

"घाट सोड!" तो ओरडला. भोंग्यावर गेणभाऊ ओरडायचा तसा ओरडला. "आरू! घाट सोड!"

आरोही थांबली. मग घाई न करता कठड्याकडे गेली, पाठ टेकवली, पाय आत घेतले, दुखरा हात छातीशी धरला. तिच्या पायांजवळची माती उडाली. कठडा थरथरला. तिची ओढणी वरच्या दिशेनं ताणली गेली आणि परत खाली पडली. तिला काही झालं नव्हतं. सुदर्शनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो मनातल्या मनात सारखं म्हणत होता, वाचली, वाचली.

मग त्यानं पाहिलं की आरोहीची मान वळते आहे. खालून वर, सावकाश नाही, भराभर, गाड्यामागं सगळ्यांची वळते तशी. तिची नजर चढ चढून आली आणि त्याच्यावर येऊन थांबली. तिनं तोंड उघडलं.

सुदर्शन रेघेवर गुडघ्यांवर होता. अंगठा बटणावर होता. शेजारी साळुबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला आणि ती दोन पावलं बाजूला झाली.